आधी वहीत, मग गाडीत: इलेक्ट्रिक कारच्या कोडिंगबद्दल

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका गृहस्थांनी मुंबईहून सेकंडहँड ऑडी ई-ट्रॉन ५५ आणलीय. घरात आधीपासून एक नेक्सॉन ईव्ही आहे, ती वहिनी चालवतात. त्यांचं विचारणं थोडक्यात असं: लॅपटॉप लावून गाडीतल्या लपलेल्या सेटिंग्ज उघडता येतात म्हणे. मग लॉक केल्यावर आरसे आपोआप मिटावेत, सीटबेल्टची घंटा आणि ८० ची बीप बंद व्हावी, कसारा घाटात रीजनची (पाय उचलल्यावर गाडी मंदावत वीज परत बॅटरीत भरते त्याची) पातळी गाडीने लक्षात ठेवावी, आणि जमलंच तर बॅटरीत कंपनीने 'दाबून ठेवलेली' वीज मोकळी व्हावी. यातलं काय होतं, यंत्र कुठलं घ्यावं आणि वॉरंटीचं काय?

मी ऑटो इलेक्ट्रिशियन. हात काळे केले ते डिझेल गाड्यांच्या वायरिंगमध्ये, आणि गेली सात-आठ वर्षं निम्मं काम लॅपटॉपवर चालतं. तेव्हा तुमच्या यादीकडे येतोच, पण आधी हे कोडिंग म्हणजे नक्की काय ते सांगू द्या. कारण यूट्यूबवर बघून आलेल्या माणसाला वाटतं आपण गाडीत काहीतरी नवीन घालतोय. तसं नसतं. कंपनी एकच मॉड्यूल (गाडीतला एखादं काम सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर) दहा देशांसाठी आणि पाच व्हेरियंटसाठी बनवते. कुठल्या गाडीत काय चालू ठेवायचं ते त्याच्या मेमरीतल्या काही आकड्यांवर ठरतं. घर बांधताना वायरमन सगळ्या खोल्यांत पंख्याचे पॉइंट काढून ठेवतो ना, तसंच हे. पॉइंट आहे, बटण बंद आहे, आपण ते चालू करतो. पण जिथे पंखाच टांगलेला नाही तिथे बटण दाबून वारा कुठून यायचा? आरशात घडीची मोटर असेल तरच आरसा मिटणार. मागे एक पोरगा खालच्या व्हेरियंटची गाडी घेऊन सनरूफ कोड करून द्या म्हणत आला होता. त्याला मी वर हात लावून पत्रा वाजवून दाखवला.

आता ते आकडे जवळून बघा. ऑडी-फोक्सवॅगनमध्ये प्रत्येक मॉड्यूलला एक पत्ता असतो. चालकाचं दार ४२, शेजारचं दार ५२, सेंट्रल इलेक्ट्रिक्स ०९, मीटर १७, ब्रेक ०३, गेटवे १९, इलेक्ट्रिक ड्राइव्ह ५१, मोठ्या बॅटरीचं मॅनेजमेंट ८सी. यातलं एखादं मॉड्यूल उघडून 'लाँग कोडिंग' बघितलं की आकड्यांच्या जोड्यांची लांब माळ दिसते. समजा त्यातली एक जोडी ४८ आहे. हे हेक्साडेसिमलमधले, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या हिशोबातले आकडे. सुटे करून लिहिले की ०१०० १००० असं होतं, म्हणजे आठ बटणं (त्यांनाच बिट म्हणतात), काही चालू, काही बंद. मोजायचं उजवीकडून, आणि सुरुवात शून्यापासून. आपल्याला बिट ५ चालू करायचा असेल तर ०११० १००० होतं, म्हणजे ४८ चे ६८. ज्याने एकपासून मोजलं त्याच्या हातून ५८ होतं. गाडी तेही निमूटपणे घेते. एक अक्षर बोलत नाही. मग जूनमध्ये पहिला पाऊस पडतो आणि मागचा वायपर का फिरत नाही म्हणून तोच माणूस परत माझ्याकडे येतो. तोपर्यंत आधी तिथे काय होतं हे त्याच्या लक्षात नसतं.

म्हणून माझ्याकडे दोनशेपानी वह्या आहेत, शाळेच्या. गाडी नंबर, तारीख, किलोमीटर, मॉड्यूल, जुना आकडा, नवा आकडा. अ‍ॅप बॅकअप ठेवतं हे मलाही ठाऊक आहे. पण अ‍ॅप फोनमध्ये असतं, आणि फोन हरवतो, फॉरमॅट होतो, पोराच्या हातात जातो. जोडल्या जोडल्या पहिलं काम सगळ्या मॉड्यूलचा स्कॅन, जुने फॉल्ट कोड उतरवून घेणं, आणि ज्याला हात लावणार त्याची मूळ माळ कागदावर. तुमची गाडी सेकंडहँड आहे, म्हणजे आधीच्या मालकाने काय उद्योग करून ठेवलेत हेही त्याच स्कॅनमध्ये थोडंफार दिसतं. ऑडीत कोडिंग लिहिलं की सोबत वर्कशॉप कोडही नोंदला जातो. 'कोणाला कळणार आहे?' हा प्रश्न मला रोज ऐकावा लागतो, त्याचं उत्तर इथेच देऊन ठेवतो.

गाडी 'नाही' कशी म्हणते हेही समजून घ्या, त्याने अर्धा त्रास वाचतो. हे बोलणं यूडीएस नावाच्या भाषेत चालतं, आयएसओ १४२२९. त्यात २२ म्हणजे वाच, २ई म्हणजे लिही, २७ म्हणजे कुलूप उघड. नकार असला की उत्तर ७एफ ने सुरू होतं. ७एफ २ई ३३ आलं तर कुलूप उघडलेलं नाही. शेवटी ३१ आलं तर मागितलेली गोष्ट मॉड्यूलच्या हद्दीबाहेरची आहे. शेवटी २२ आलं तर परिस्थिती जुळत नाही, आणि तेव्हा बहुतेक वेळा गाडी 'रेडी'त, म्हणजे चालायला तयार, असते नाहीतर चार्जरची गन लागलेली असते. तिन्ही नकार वेगळे, पण स्वस्तातलं अ‍ॅप तिन्हीला एकच लाल फुली दाखवतं आणि माणूस बोट दुखेपर्यंत तेच बटण दाबत राहतो. कुलपाला चुकीची किल्ली फार वेळा दिली तर ३६ येतं, मग ३७, म्हणजे 'आता थांब'. तेव्हा खरोखर थांबायचं. आमच्याकडे त्याला चहाचा कोड म्हणतात.

हे सगळं ज्या दोन तारांवरून जातं ती कॅन बस. ती पद्धत बॉशने काढली आणि १९८६ मध्ये जगापुढे मांडली. त्याच बॉशच्या सातपूरच्या कारखान्यात डिझेलचे नोझल बनताना बघत आमच्या ओळखीतली कितीतरी पोरं कामाला लागली. तेव्हा ही दोन तारांची भानगड आपल्याला पुढे पोटाला लावणार आहे हे कोणाला माहीत होतं! असो. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये ६ आणि १४ नंबरच्या पिना कॅनच्या, ४ आणि ५ अर्थच्या, आणि १६ वर कायम १२ व्होल्ट. गाडी बंद असली तरी.

ही सोळावी पिन नीट लक्षात ठेवा. नाशिकरोडचं एक कुटुंब स्टेशनच्या पार्किंगला गाडी लावून दहा दिवस बाहेरगावी गेलं. डोंगल, म्हणजे फोनला गाडीशी जोडणारं छोटं यंत्र, सॉकेटमध्ये तसंच राहिलं होतं. परत आले तर किल्लीला प्रतिसाद नाही, दार उघडेना. खालच्या मोठ्या बॅटरीत पन्नास टक्क्यांच्या वर चार्ज होता, आणि ती बारा व्होल्टची बिचारी पार बसली होती. डोंगल स्वतः फार खात नाही, पण त्याच्या सततच्या विचारपुशीने काही गाड्यांची मॉड्यूल झोपतच नाहीत. इलेक्ट्रिक गाडीला जागं करण्याचं काम त्या छोट्या बॅटरीकडे असतं. ती गेली तर मोठीचे कॉन्टॅक्टर (तिला गाडीशी जोडणारे स्विच) जुळत नाहीत, मग खाली कितीही युनिट असोत. काम झालं की डोंगल काढून कप्प्यात.

कोडिंग करतानाही खरा धोका त्याच बॅटरीचा आहे, आणि तो मी स्वतः भोगलाय. तीन वर्षांपूर्वी, ऑगस्टमध्ये, एक जर्मन गाडी शेडमध्ये होती. गाडी 'रेडी'त असली की डीसी-डीसी कन्व्हर्टर बारा व्होल्टला चार्ज देत राहतो. पण लिहिताना आपण गाडी नुसती इग्निशनवर ठेवतो, आणि तेव्हा बऱ्याच गाड्यांत तो बंद असतो. सगळी मॉड्यूल जागी, स्क्रीन चालू, पंखा चालू, भार सगळा छोट्या बॅटरीवर. म्हणून बाहेरून सपोर्ट चार्जर लावायचा असतो. मी लावलाही होता. मध्येच लाईट गेली. 'दोनच मिनिटांचं काम राहिलंय' म्हणून मी थांबलो नाही. ती दोन मिनिटं वीस झाली, मीटरवर १२.४ चे ११.७ दिसायला लागले, आणि दाराच्या मॉड्यूलला लिहिता लिहिता संपर्क तुटला. मीटरमध्ये दिवाळी. चारही काचा खाली, वर जाईनात. बाहेर धो धो पाऊस, आणि शेडचा पत्रा एका बाजूने गळका. गाडीचे मालक आणि मी ताडपत्री धरून उभे, माझा पोरगा शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडून जनरेटर आणायला पळाला. वीज आल्यावर वहीतली जुनी माळ परत लिहिली, फॉल्ट काढले, काचा वर गेल्या. वही नसती तर ते मॉड्यूल मी कुठल्या आकड्यावर परत नेलं असतं? तेव्हापासून चार्जर इन्व्हर्टरवर, आणि १२.५ च्या खाली मी 'लिही' हे बटण दाबत नाही.

यंत्राचं बोलू. एम.जी. रोडवर चार-पाचशे रुपयांत ईएलएम३२७ नावाचं निळं डोंगल मिळतं. वाचायला घ्या, हरकत नाही. त्याच्या डबीवर 'व्हर्जन १.५' लिहिलेलं असेल तर ते नक्कल आहे हे डोळे मिटून समजा, कारण मूळ कंपनीने १.५ कधी काढलंच नाही. नकलेतला दोष असा की लांब संदेश कधी कधी अर्धाच पोचतो. वाचताना एखादा आकडा चुकला तर काही बिघडत नाही, लिहिताना बिघडतं. तुमच्या ऑडीसाठी दोन नावं: रॉस-टेकचं व्हीसीडीएस, लॅपटॉपवर चालतं, जुनं आणि भरवशाचं, पण त्यांची हौशी लोकांसाठीची केबल ठराविक गाड्यांपुरतीच बांधलेली येते. दुसरं लिथुआनियाचं ओबीडीइलेव्हन, फोनवर चालतं, तयार बटणं असतात, त्या बटणांचे पैसे वेगळे. एकाच गाडीचं काम असेल तर तुम्हाला दुसरं पुरेल. बीएमडब्ल्यूवाल्यांसाठी बिमरकोड आहे, तेही बदल करण्याआधी मूळ कोडिंग साठवून ठेवतं. पायरेटेड सॉफ्टवेअर आणि नकली केबल दोन्ही बाजारात आहेत. मी वापरत नाही. कारण नीतीचं कमी आणि पोटाचं जास्त: अर्ध्यात अडकलं तर विचारायला कोणी नसतं.

आता तुमची यादी.

आरसे: होण्यासारखं काम. पण आधी स्क्रीनवरच्या गाडीच्या सेटिंग्जची सगळी पानं एकदा निवांत चाळा, शक्यतो मॅन्युअल मांडीवर घेऊन. गंमत नाही करत, माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांची 'लपलेली' सेटिंग मेनूच्या तिसऱ्या पानावर असते. मी ती लावून देतो, पैसे घेत नाही, त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो. मेनूत नसेल तर ४२ आणि ५२ दोन्हीकडे बदल करावा लागतो. एकच केलं तर एक आरसा मिटतो आणि गाडी डोळा मारल्यासारखी दिसते. दिवे किती वेळ राहावेत, लॉकची पुष्टी आवाजाने की ब्लिंकरने, चालू करताना मीटरच्या काट्यांची सलामी, असलं सगळं याच गटातलं. हौसेचं आणि निरुपद्रवी.

सीटबेल्टची घंटा: करत नाही. १ जुलै २०१९ पासून भारतात प्रवासी गाड्यांना सीटबेल्टची आठवण, वेगाचा इशारा आणि मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले, एआयएस-१४५ या भारतीय वाहन मानकानुसार. ८० च्या पुढे थांबून थांबून आणि १२० च्या पुढे सतत, हा वेगाचा इशारा त्यातलाच. ८० च्या बीपबद्दल तुमची चिडचिड मला कळते. समृद्धीवर कारला १२० ची परवानगी आहे, आणि इगतपुरीला चढलं की शिर्डी येईपर्यंत ती बीप कानाशी किरकिरत राहते. नियम महामार्गाकडे बघून केलेला नाही असं माझंही मत. तरीही गाडी कायद्याने ज्या रूपात नोंदली गेली त्यातली सुरक्षेची गोष्ट मी काढली, आणि उद्या अपघातानंतर कोणी मॉड्यूल वाचलं, तर तुमचा विमा आणि माझं दुकान दोन्ही एकाच पानावर येतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बदलांबद्दल कडक आहे, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ रचनेपासून फारकत चालणार नाही असंच म्हटलंय. बीप काढून देणारे नाशिकमध्ये सापडतील. माझ्याकडे नाही.

पायी चालणाऱ्यांसाठी गाडी हळू वेगात जो आवाज काढते तोही बंद करा म्हणणारे येतात, म्हणून तेही इथेच. युरोपात तो जुलै २०२१ पासून प्रत्येक नव्या इलेक्ट्रिक कारला सक्तीचा आहे, २० किलोमीटर वेगापर्यंत. पंचवटीतल्या गल्लीत आजीबाई पूजेचं ताट घेऊन मध्येच वळतात. त्यांना मागची गाडी कळायची तर आवाजानेच. नाही म्हणजे नाही.

रीजन: यात कोडिंगची गरजच पडणार नाही बहुतेक. तुमच्या गाडीत एमएमआयमध्ये, म्हणजे ऑडीच्या स्क्रीनवरच्या मेनूत, एफिशियन्सी असिस्टच्या पानावर रीजन 'ऑटो' की 'मॅन्युअल' अशी निवड आहे. ऑटोत गाडी समोरचा रस्ता बघून स्वतः ठरवते, म्हणून तुम्हाला वाटतं ती विसरते. मॅन्युअल करा आणि स्टिअरिंगमागच्या पॅडलने पातळी धरा. त्यापलीकडे जाऊन ५१ किंवा ०३ मध्ये हात घालायला मी कोणालाच सांगणार नाही, आणि त्याचं कारण घाटातच आहे. रीजनने गाडी मंदावते तेव्हा मागचे ब्रेकलाइट कधी लावायचे याचंही गणित त्याच मॉड्यूलांत असतं. युरोपीय नियमानुसार मंदावण्याचा दर सेकंदाला १.३ मीटर प्रति सेकंदापेक्षा जास्त झाला तर दिवा लागलाच पाहिजे, ०.७ पर्यंत लागता कामा नये, मधल्या पट्ट्यात कंपनीची मर्जी. हे गणित बिघडलं तर कसाऱ्याच्या उतारावर, धुक्यात, तुमच्या मागे कांद्याचा ट्रक असताना तुमची गाडी मंदावेल आणि मागे काहीच लागणार नाही. जाता जाता एक: घाट उतरायच्या ऐन आधी इगतपुरीला शंभर टक्के चार्ज करू नका. भरलेल्या बॅटरीत रीजनची वीज ठेवायला जागा नसते, पॅडल दाबूनही गाडी धरत नाही आणि नवा माणूस घाबरतो. नाशिकहून भरून निघालात तर पंचेचाळीस किलोमीटरमध्ये पुरेशी जागा होते.

बॅटरीतली राखीव वीज: तुमच्या ५५ मध्ये एकूण ९५ युनिट आणि वापरायला ८६.५, हा फरक लोकांना फसवणूक वाटतो. सेल अगदी वरच्या टोकापर्यंत भरला आणि अगदी तळापर्यंत रिकामा केला की लवकर म्हातारा होतो, म्हणून ती वर-खालची जागा सोडलेली असते. ऑडीने स्वतःच २०१९ च्या शेवटी वापरायची मर्यादा ८३.६ वरून ८६.५ केली, पण ते सेल ज्यांनी तपासले त्यांनी केलं. ८सी मध्ये मी फक्त वाचतो. सेलमधला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा व्होल्टेज, तापमान, इन्सुलेशन. सेकंडहँड घेणाऱ्याला खरा उपयोग याचाच आहे, आणि तुम्ही पैसे देण्याआधी हे वाचून घेतलं असतं तर मला जास्त बरं वाटलं असतं.

नेक्सॉनचं लवकर उरकतो. टाटा, महिंद्रा, एमजी यांच्या गाड्यांवर बाहेरच्या अ‍ॅपने माझ्या अनुभवात वाचन होतं, लिहिणं जवळपास नाही. ते कंपनीच्या यंत्रावर, डीलरकडेच. नेक्सॉनमध्ये एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल आहेत. त्यांचा व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळपास सपाट राहतो, त्यामुळे टक्केवारीचा अंदाज हळूहळू भरकटतो. अधूनमधून शंभर टक्के होऊ द्या, काटा जागेवर येतो. वहिनींना सांगा, त्या गाडीला डोंगल नको.

वॉरंटी. बॅटरीला बहुतेक कंपन्या आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर देतात. आरशाच्या कोडिंगमुळे बॅटरीची वॉरंटी गेलेली मी पाहिली नाही, पण दाराचं मॉड्यूल बिघडलं तर डीलर आधी तुमच्याकडेच बोट दाखवेल, आणि त्याचं फार चुकतंय असंही नाही. सर्व्हिसला देण्याआधी मूळ आकडे परत लिहून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. लिहिले नाहीत तरी सॉफ्टवेअर अपडेटनंतर कोडिंग पुसलं जाण्याची शक्यता असतेच. बीएमडब्ल्यूत तर अपडेटनंतर मॉड्यूल कारखान्याच्या ऑर्डरप्रमाणे पुन्हा कोड होतात.

आणि हे सगळं फार वर्षं चालणार नाही. फोक्सवॅगनने गोल्फ ८ आणि आयडी मालिकेपासून एसएफडी नावाचं कुलूप आणलंय, कंपनीच्या सर्व्हरकडून परवानगी आणायची, नव्वद मिनिटांत काम उरकायचं. युरोपात जुलै २०२४ पासून नव्या गाड्यांना सायबर सुरक्षेचा आर१५५ नियम लागू झाला, त्यामुळे बाकीचेही त्याच वाटेने निघालेत. गाडी इंटरनेटला जोडलेली असताना सॉकेट उघडं ठेवणं धोक्याचंच होतं, हे धंदा माझा असूनही मान्य करतो. तुमच्या ई-ट्रॉनला कुठल्या मॉड्यूलवर कुलूप आहे ते जोडल्यावर पाच मिनिटांत कळेल.

आणणार असाल तर दोन्ही किल्ल्या आणा. चार्ज ४०-५० टक्के पुरे, गन लावून आणायची गरज नाही. शनिवार टाळा, आमच्या भागात त्या दिवशी दुरुस्तीसाठी लाईट जाते.